रुम्मानांच्या घरातला सगळ्यात चांगला

मुन्जिद रुम्माननं भर दुपारी बेकरीसमोर रमेज तय्यारला गोळ्या घातल्या, तेव्हा त्याचा थोरला भाऊ अबू शाकिर बास्केटबॉल क्लबच्या हॉलमध्ये पोरांकडून पास देण्याचा सराव करून घेत होता. भांडण कशावरून, तर गाडी कुणी मागे घ्यायची यावरून! रमेजच्या हातात गरम रोट्यांची चळत होती. पहिली गोळी रोट्यांमधून गेली, दुसरी गळ्यातून. दमलेला माणूस टेकतो तसा तो बेकरीच्या पायरीवर टेकला आणि तिथेच आडवा झाला. मुन्जिद गाडी घेऊन डोंगरात पसार झाला. आमच्या डोंगरात शिरलेला माणूस लष्कराला काय, त्याला जन्म देणाऱ्या आईलासुद्धा सापडत नाही.

हॉलचा राखणदार धापा टाकत आत आला आणि त्यानं दारातूनच ओरडून सांगितलं. चेंडू थांबले. खुनी अबू शाकिरचा सख्खा भाऊ, पण कुणीही अबू शाकिरकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या हैसमकडे.

हे असं का, ते आमच्या ऐन सव्वान गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडे खुनाचा बदला खुन्यावर घेत नाहीत. मुन्जिदसारखं वाया गेलेलं माणूस मारून तय्यारांना काय मिळणार? उलट रुम्मानांची ब्याद टळणार. रमेज गेला, तो घरातला हुशार, शिकलेला, सगळ्यांचा लाडका. मग रुम्मानांच्या घरातलंही तसंच माणूस जायला हवं. ज्याच्यावाचून घर पोरकं होईल असं. सगळ्यात चांगलं.

आणि रुम्मानांच्या घरात सगळ्यात चांगला कोण, हे विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती. सगळ्या खोऱ्यात भिंतीभिंतींवर हैसमचं नाव रंगवलेलं होतं.

हैसम म्हणजे अबू शाकिरच्या मोठ्या भावाचा मुलगा. तो भाऊ लढाईत गेला, तोही क्लबपायीच म्हणा ना. गावातल्या एका शाळामास्तरांनी पन्नास सालच्या आसपास शाळेमागे मुरूम टाकून मैदान केलं, तिथून आमचा क्लब सुरू झाला. पुढे छप्पर आलं, लाकडी फरशी आली. मग युद्ध आलं. बंदूकवाल्यांनी हॉल घेतला, त्यात दारूगोळा ठेवला, माणसं कोंडली, थंडीत फरशी उपटून जाळली. अबू शाकिरचा भाऊ त्यांना अडवायला गेला. त्यांनी त्याला बास्केटच्या खांबालाच बांधला आणि तिथेच मारला. युद्ध संपल्यावर अबू शाकिरनं तो खांब स्वतःच्या हातानं घासला. भिंतीतल्या गोळ्यांची भोकं बुजवली, आफ्रिकेत लाकडाच्या धंद्यात गबर झालेल्या आमच्याच एका शेठच्या पाया पडून नवी फरशी घातली, दोन अमेरिकन खेळाडू आणले. त्यातला एक पहिल्याच हिवाळ्यात पळून गेला, तो भाग वेगळा. बैरुतचे लोक आम्हाला मेंढपाळांचा क्लब म्हणायचे. म्हणोत बापडे! त्या वर्षी मेंढपाळ उपांत्य फेरीत होते आणि मेंढपाळांकडे हैसम होता. रिंगकडे पाठ करून उडायचा आणि हवेत वळायचा. त्याचा उजवा हात बघायला झहले शहरातून बसेस भरून लोक यायचे.

अबू शाकिरचा स्वतःचाही मुलगा संघात होता. शाकिर. ज्याच्या नावानं सगळं गाव बापाला अबू शाकिर, म्हणजे शाकिरचा बाप, अशी हाक मारायचं, तो बाकाच्या अगदी टोकाला बसायचा. उंची होती, मेहनत होती, पण बाप बघतोय म्हटलं की त्याच्या हातातून चेंडू सुटायचा. "लाकूड आहे लाकूड," अबू शाकिर चारचौघांत म्हणायचा, "नुसतं उंच वाढलंय." शाकिर हसायचा. त्याची आई फाद्या मात्र हसायची नाही.

रमेजला माती दिल्यावर रुम्मानांची वडीलधारी माणसं तय्यारांच्या घरी गेली. सोबत दोन शेख, एक पाद्री, कुठल्या तरी खात्याचा निवृत्त अधिकारी, असा सगळा लवाजमा. कॉफी आली. आमच्याकडे मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुण्यानं कपाला हात लावायचा नसतो. कप समोर तसेच राहिले. वाफ निघून गेली, तळाशी गाळ बसला, तरी रमेजचा बाप हाज दुरैद काही बोलेना.

"हाज, मुन्जिदला आम्ही टाकलाय," शेवटी अबू शाकिर म्हणाला. "तो आमचा नाही. घ्या त्याला. आम्ही एक अश्रू ढाळणार नाही."

"म्हणूनच नको," हाज दुरैद म्हणाला. "तुम्ही रडायला हवं." मग तो आत वळून मुलाला म्हणाला, "अदहम, कप उचल. पाहुण्यांना कॉफी आवडलेली दिसत नाही."

अदहमनं एकेक कप उचलला. अबू शाकिरचा कप उचलताना तो वाकून हळूच म्हणाला, "काका, तुमचा क्लब फार छान खेळतो हो. मी एकही सामना सोडत नाही."

अबू शाकिरच्या पाचावर धारण बसली.

घरी आल्या आल्या हैसमची आई त्याच्या अंगावर धावून आली. "भावजी, माझा नवरा त्या हॉलनं खाल्ला, आता पोरगा खायचाय का? माझा भाऊ तिकडे आफ्रिकेत, अबिजानला आहे. आजच्या आज याला विमानात बसवा!"

"वहिनी, जरा श्वास घ्या. हंगाम संपायला कितीसा राहिलाय? असा पळाला तर जन्मभर पळपुटा म्हणतील त्याला."

"म्हणू देत की! जिवंत माणसालाच नावं ठेवतात."

"माझ्याकडे एक युक्ती आहे," अबू शाकिर म्हणाला.

आणि युक्ती होती, खरंच होती. असं डोकं देवानं त्याला दिलंच कशाला, असं आता वाटतं. तय्यारांना सगळ्यात चांगला हवा ना? मग हैसमला सगळ्यात चांगला राहूच द्यायचा नाही. बाकावर बसवायचा. पोरगा बिघडला, दारूला लागला, गुडघे गेले, बैरुतच्या लोकांकडून पैसे खाल्ले, वाटेल ते उठवायचं. गावानं त्याच्यावर थुंकायला हवं. ज्याच्यावर गावच थुंकतं, त्याला मारून तय्यारांचा काय मान? उन्हाळाभर असं चाललं की शेख मध्ये पडतील, रक्ताचं मोल ठरेल, आणि पुढच्या हंगामाला हैसम पुन्हा मैदानात.

"मी थुंकून घेऊ? माझ्या गावाकडून?" हैसम डोक्यात राख घालून उठला. "त्यापेक्षा त्यांना गोळी घालू दे, काका!"

अबू शाकिरनं त्याच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "तुझा बाप त्या खांबाला मेला. तू नाही मरणार. मी सांगतो तोवर तू कुणीही नाहीस, समजलं?"

"आणि त्याच्या जागी कोण खेळणार?" कोपऱ्यातून फाद्यानं विचारलं.

"शाकिर."

"माझा शाकिर? म्हणजे जावेचा पोरगा लपवायचा आणि माझा पुढे करायचा? चांगला न्याय आहे, अबू शाकिर!"

"अगं, काय बोलतेस! त्याच्याकडे कोण बघणार आहे? त्याला मारून कुणाला काय मिळणार? त्याला काही व्हायचं नाही, माझं लिहून घे."

शाकिर दारात उभा होता. हातात सरबताचे पेले होते.  त्यानं पेले खाली ठेवले आणि म्हणाला, "बाबा, उद्या सराव कितीला?"

उपांत्य सामना आमच्याच हॉलमध्ये झाला आणि त्याला सामना म्हणायचं तर कत्तलखान्यालाही स्वयंपाकघर म्हणावं लागेल. हैसम बाकावर दिसला तसं अर्ध्या हॉलनं ओरडून छप्पर डोक्यावर घेतलं. मग उठवलेल्या गोष्टींनी आपलं काम सुरू केलं. "विकला गेला! दारुडा!" पहिल्यांदा नाणी आली, मग बॅटरीचे सेल, मग उपटलेल्या खुर्च्या. एक खुर्ची रेफरीच्या पाठीत बसली. पाहुण्यांच्या एका पाठीराख्याला आमच्या लोकांनी जिन्यावरून खाली फेकलं; त्याचा खांदा निखळून हात भलतीकडेच लोंबत होता. लष्करानं दंडुके चालवले. फरशीवर रक्त पडलं की राखणदार फडकं मारायचा आणि खेळ पुढे. हैसमच्या कपाळावर सेल लागून भुवई फाटली. तो पुसायलाही उठला नाही. सामना संपल्यावर बाहेर पडताना एका म्हाताऱ्यानं, जो हैसमला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचा, त्याच्या तोंडावर पचकन थुंकलं.

अबू शाकिरनं ते बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पुतण्याच्या तोंडावरची थुंकी बघून ज्याला बरं वाटतं, त्या माणसाला काय म्हणावं? पण मला त्याचा रागही येत नाही, खरं सांगतो. तो त्याला वाचवत होता.

त्या गोंधळात एक गोष्ट त्यानं बघितलीच नाही. आम्ही जिंकलो होतो आणि सगळ्यात जास्त बास्केट शाकिरच्या होत्या.

अंतिम सामना बैरुतला, रविवारी दुपारी. आमची अख्खी गल्ली उतरली होती, ढोल, झेंडे, डब्यांतून कुटलेल्या मांसाचे किब्बे, सगळं घेऊन. शाकिरनं पहिला चेंडू लांबून टाकला आणि तो रिंगला न शिवता आत गेला. दुसराही. अबू शाकिर मनात म्हणाला, लागला आंधळ्याचा नेम. पण मग शाकिर दोघांच्या मधून असा काही घुसला, हवेत असा काही थांबला, की बाकावरचा हैसम आपली बदनामी विसरून उभा राहिला आणि ओरडला, "काका! बघितलंत? अहो, बघितलंत का तुम्ही?"

बघितलं होतं. इतकी वर्षं ज्याला तो लाकूड म्हणत होता, तो पोरगा मैदानभर पेटला होता. बापाकडे न बघता खेळत होता. इतकंच हवं होतं बहुतेक. बापानं त्याच्यावरची आशा सोडायला हवी होती. कोपर लागून त्याचा ओठ फाटला, दात हलला. तो रक्त थुंकून हसला आणि पुन्हा घुसला. हळूहळू आमच्या बाजूनं आवाज चढायला लागला. "शाकिर! शाकिर!" ढोल त्या नावावर वाजायला लागला. अबू शाकिर स्वतःशीच पुटपुटला. आपलं पोर! आपल्या रक्ताचं!

आणि मग सहज त्याची नजर वर गेली. चौथ्या रांगेत अदहम तय्यार बसला होता. सगळे उभे, हा एकटा बसलेला. तो हैसमकडे बघत नव्हता. त्यानं शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजाऱ्यानं उत्साहानं आधी शाकिरकडे बोट केलं आणि मग थेट अबू शाकिरकडे. कुणाचा मुलगा? तो बघ, त्याचा.

 अबू शाकिर ताडकन उठला. बदली मागायला त्यानं टेबलाकडे पाऊलही टाकलं. खेळ बरोबरीत होता, शेवटची मिनिटं होती. शाकिरला आता खाली बसवला तर सामना गेला. पण पोरगा विसरला जाईल. उद्या लोक म्हणतील, कुणी तरी खेळला होता खरा बरा, काय बरं त्याचं नाव?

शाकिरनं त्याला उठलेलं बघितलं. धावता धावता थांबला. फाटक्या ओठांनी, मान थोडी वाकडी करून त्यानं बापाकडे बघितलं. चुकलो का, असं लहान असताना बघायचा तसं. "बाबा?" ढोलाच्या आवाजात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण अबू शाकिरला ते ऐकू आलं.

या क्षणी त्याला बाहेर काढायचं? पुन्हा बाकाच्या टोकाला?

"खेळ!" अबू शाकिर ओरडला. "खेळ, माझ्या राजा!" आणि खाली बसला.

शाकिरनं शेवटची बास्केट टाकली. ऐन सव्वानचा क्लब, मेंढपाळांचा क्लब, देशाचा विजेता झाला. पोरांनी अबू शाकिरला खांद्यावर घेतलं. वरून त्यानं चौथ्या रांगेत बघितलं. ती जागा रिकामी होती.

परतताना त्यानं शाकिरला बैरुतलाच ठेवायचा प्रयत्न केला. मावशीकडे थांब म्हणाला, ताप आलाय असं सांगू म्हणाला. शाकिर हसला. "बाबा, मला कोण मारणार? मला मारून कुणाला काय मिळणार? तुम्हीच म्हणालात ना." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि बापाच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही की नाही रे, मी चुकलो, तू सगळ्यात चांगला आहेस. ते कसं सांगणार? ते सांगायचं म्हणजे तू सगळ्यात चांगला आणि आता पाळी तुझी, या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच सांगायच्या.

सोमवारी सकाळी मिरवणूक गावात शिरली. शाकिर पिकअपच्या टपावर, हातात करंडक. आमच्याकडे आनंद झाला की माणूस बंदूक बाहेर काढतो. गच्चीगच्चीवरून रायफली कडाडत होत्या, बायका तांदूळ आणि गुलाबाच्या पाकळ्या उधळत होत्या. काडतुसांची टरफलं रस्त्यावर खणखणत पडत होती. अबू शाकिर गाडीमागून चालत एकेक गच्ची डोळ्यांनी चाळत होता. पण ज्या गावात सगळेच बंदूक घेऊन उभे, तिथे कुणाची कुणावर रोखलेली हे कसं कळणार?

बेकरीसमोर शाकिर वाकला. तो कुणाला तरी हात द्यायला वाकलाय असं लोकांना वाटलं. दोन-तिघांनी हातही वर केले. करंडक टपावरून घरंगळला. मग शाकिर त्याच्या मागोमाग, डोकं खाली, रस्त्यावर आपटला. गोळी मानेत मागून शिरून जबडा घेऊन गेली होती. हैसमनं त्याला मांडीवर घेतला, मान दोन्ही हातांनी दाबून धरली, पण रक्त बोटांमधून येतच राहिलं, पाकळ्या त्यात तरंगायला लागल्या. आणि वर गच्चीवर लोकांना काहीच माहीत नव्हतं. ते गोळ्या झाडत होते, नाचत होते, "शाकिर! शाकिर!" ओरडत होते. अबू शाकिर त्यांना हात करून किंचाळत होता, "थांबा! अरे थांबा, मेल्यांनो!" त्यांना वाटलं, म्हातारा आनंदानं वेडा झाला. त्यांनी आणखी झाडल्या.

शाकिरला बापाला काही सांगायचं होतं. पण सांगायला तोंडच राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, लोक बसायला येऊन गेल्यावर, हैसम रायफल घेऊन अबू शाकिरच्या स्वयंपाकघरात आला. दुपारची वेळ होती. वडीलधाऱ्यांचं बदला घ्यायचं ठरलं होतं. तय्यारांमध्ये सगळ्यात चांगला कोण, तेही ठरलं होतं: हाज दुरैदचा धाकटा मुलगा, इंजिनियर, उद्या बहिणीला भेटायला झहलेला जाणार होता. आणि हे काम करणार होता हैसम.

"काका, लोक माझ्यावर थुंकले ते मी तुमच्यासाठी सोसलं," तो म्हणाला.  "शाकिर माझ्या वाट्याची गोळी खाऊन गेला. माझी होती ती! आता मला आशीर्वाद द्या."

अबू शाकिरनं त्याच्याकडे बघितलं. म्हणजे उद्या तो इंजिनियर. मग परत तय्यारांची पाळी, आणि तेव्हा रुम्मानांच्या घरात सगळ्यात चांगला कोण, हे पुन्हा कुणाला विचारायची गरज पडणार नव्हती.

"ये," तो म्हणाला. "इथे, माझ्याजवळ ये. उजवा हात दे. चुंबन घेऊ दे."

हैसमनं रायफल भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला. शेजारी किब्ब्याचं मांस कुटायची दगडी उखळी होती. अबू शाकिरनं त्या हातावर ओठ टेकवले. मग मनगट धरून तो हात उखळीच्या कडेवर दाबला, दुसऱ्या हातानं जडशीळ मुसळ उचललं आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून मारलं. हाडं मोडल्याचा आवाज झाला. हैसमची किंकाळी गल्लीभर गेली. त्यानं हात ओढायचा प्रयत्न केला. अबू शाकिर त्याच्या मनगटावर गुडघा देऊन बसला आणि त्यानं पुन्हा मारलं. आणि पुन्हा. झहलेहून बसेस भरून लोक जो हात बघायला यायचे, त्या हाताची बोटं बोटांसारखी दिसेनाशी होईपर्यंत तो मारत राहिला. आता तो हात चेंडू टाकणार नव्हता. चाप ओढणार नव्हता. आता तय्यार त्याच्याकडे फुकट दिला तरी बघणार नव्हते.

मुसळ खाली पडलं. हैसम जमिनीवर गडाबडा लोळत ओरडत होता. अबू शाकिर भिंतीला पाठ लावून खाली घसरला, त्याच्या सदऱ्यावर, दाढीत, सगळीकडे रक्त होतं.

दारात फाद्या उभी होती. ती कधी आली, कुणाला कळलं नव्हतं. तिनं उखळीकडे बघितलं, पुतण्याच्या हाताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"हे तुला करता येत होतं," ती म्हणाली. "मग तेव्हाच का नाही केलंस?"

"तेव्हा..." अबू शाकिर म्हणाला. त्यानं खोटं शोधून बघितलं, पण सापडेना. "तेव्हा तो हात मला पुढच्या हंगामासाठी हवा होता."